विमानाचं पहिलं वाक्य

त्या देशाचं नाव मी सांगणार नाही. तसं लिहून देऊन बसले आहे, आणि जर्मनीत लिहून दिलं म्हणजे दिलं. एवढंच सांगते की तो युरोपातला इतका छोटा देश आहे की नकाशावर त्याचं नाव त्याच्या पोटात मावत नाही, शेजारच्या देशात छापावं लागतं. असल्या देशाला स्वतःचं हवाईदल असतं हेसुद्धा मला चाळिशी जवळ येईपर्यंत ठाऊक नव्हतं. पण आज मला कुणी विचारलं, की बाई, इतकी वर्षं जर्मनीत राहून केलंस काय, तर मी घर, गाडी, पासपोर्ट यांतलं काहीही सांगत नाही. त्या देशाचं विमान जागं झालं की तोंडातून पहिलं वाक्य काढतं ना, ते मी त्याच्या तोंडी घातलंय, असं सांगते. लोकांना वाटतं ही फेकतेय. वाटू दे.

दोन हजार दहाच्या पुढची ती वर्षं. आखनच्या विद्यापीठात शिकून मी कोलोनच्या बाहेर एका लहानशा कंपनीत चिकटले होते. कंपनीला लागूनच धावपट्टी होती, आणि तिच्या पलीकडे शेतं. आमच्याकडे वापरलेली विमानं यायची. काटे आणि तबकड्या काढून आम्ही तिथे स्क्रीन बसवायचो, तारा बदलायचो, नवा संगणक घालायचो. धड तेच, डोकं नवं. माझ्याकडे विमानाचा आवाज होता. म्हणजे इंजिनाचा नव्हे. उंची कमी झाली, इंधन संपत आलं, आग लागली, की वैमानिकाच्या कानात एक बाई बोलते, ती बाई कधी, काय आणि किती मोठ्यानं बोलणार, हे बघणं माझं काम. आमचे हे म्हणायचे, तुला पगार देऊन दुसऱ्याला सूचना करायला सांगतात, म्हणजे काम सापडलं म्हणायचं तुला.

आमचे शेफ, म्हणजे जर्मनमध्ये साहेब, अस्सल कोलोनचे. सरळ, उंच, आणि बोलण्यात मीठ बेताचं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांच्या दाराशी उभी होते. ते फोनवर होते. "या, या," ते म्हणाले. मी आत जाऊन खुर्चीत बसले. ते बघतच राहिले. जर्मन माणूस दिवसभर होकार देतो तो 'या' म्हणूनच, आणि नाशिकच्या घरात वाढलेल्या माझ्या कानाला दारातून आलेला 'या' म्हणजे आत या, बसा, पाणी घ्या. पुढे कितीतरी महिने कुणी फोनवर होकार दिला की माझे पाय आपोआप त्या खोलीकडे वळायचे.

त्या छोट्या देशाचं काम आमच्याकडे आलं तेव्हा त्यांच्या बाजूनं एक मेजर आमच्याकडे मुक्कामाला आले. निवृत्तीला टेकलेले, जाड भुवयांचे, पूर्वी स्वतः वैमानिक. त्यांच्या देशानं प्रशिक्षणासाठी दोन आसनांची जेट विमानं एका मोठ्या देशाकडून घेतली होती. वापरलेली, पण धडधाकट. आम्ही त्यांचं डोकं बदलायचं, आणि मेजरनी काम नीट होतंय ना हे बघायचं. आम्ही दोघं एकमेकांशी जर्मनमध्ये बोलायचो. दोघांचंही जर्मन परकं, त्यामुळे आमचं छान जमायचं. शेफ मध्येच व्याकरण सुधारायचे, तर मेजर मला डोळा घालायचे.

कँटीनमध्ये बटाट्याचं सूप पिता पिता त्यांनी मला त्यांच्या हवाईदलाचा सगळा इतिहास सांगितला. सुरुवात लाकडाच्या आणि कापडाच्या उसन्या विमानांनी झाली. मग एक मोठा शेजारी आला आणि विमानं घेऊन गेला. वैमानिक पळून दुसऱ्यांच्या देशांत गेले आणि दुसऱ्यांच्या झेंड्याखाली लढले. मग दुसरा मोठा शेजारी आला. त्यानं विमानं दिली, आणि विमानांबरोबर आपली भाषाही दिली. देश पुन्हा आपल्या पायावर उभा राहिला तेव्हा सुटे भाग मिळेनात. एक विमान उडवायचं तर दुसऱ्याची आतडी काढायची. शेवटी त्यांच्याच संसदेत लोक विचारायला लागले, आपल्याला हवाईदल हवंच कशाला, आकाश शेजारी सांभाळतील.

"आणि तुम्ही काय म्हणता?" मी विचारलं.

"मी म्हणतो, आपल्या दाराची कडी आपण लावावी," ते म्हणाले.

मला हा माणूस तिथेच आवडला. त्यांच्याकडची जुनी लढाऊ विमानं म्हणजे आमच्या नाशिकजवळच्या कारखान्यात बनायची तीच, त्रिकोणी पंखांची. माझे बाबा त्या कारखान्यात वायरिंगला होते. शाळेत बाईंचा आवाज विमानाखाली बुडाला की आम्ही पोरं खुशीत, आणि मी सगळ्यांत जास्त, कारण त्यात माझ्या बाबांच्या तारा होत्या. हे ऐकल्यावर मेजरनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, "म्हणजे तुझ्या वडिलांनी आणि मी एकाच परक्या भाषेतल्या पाट्या वाचल्या." मग म्हणाले, "आयुष्यभर मी दोन परक्या भाषांत उडलो. आधी त्यांच्या, मग इंग्रजीत. माझ्या भाषेत मी विमानात फक्त शिव्या दिल्या."

मी म्हटलं, "आमच्या कारखान्यातही मराठीचा उपयोग तेवढाच होता." आम्ही इतके हसलो की शेफनी वळून पाहिलं.

पण मेजर नुसते हसण्यावारी नेणारे नव्हते. पुढच्याच बैठकीत त्यांनी मागणी टाकली, की विमानातल्या सगळ्या सूचना त्यांच्या भाषेत हव्यात. शेफनी नाही म्हटलं. खरं सांगायचं तर माझंही मत शेफसारखंच होतं. त्या विमानांत इतर देशांचे शिक्षक बसणार, इतरांबरोबर सराव होणार. आग लागल्यावर कुणी शब्दकोश उघडत बसत नाही. संकटाची भाषा एकच असावी. मी तसं बोलले, तेव्हा मेजरनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी घरभेदी आहे. पण माणूस समजूतदार. थोड्या वेळानं म्हणाले, "ठीक आहे. संकटं इंग्रजीत येऊ द्या. पण एक वाक्य तरी आमचं ठेवा. एक."

"कुठलं वाक्य? कुठे?" शेफनी विचारलं. मेजरना तेव्हा सांगता आलं नाही. घोडं तिथेच पेंड खात राहिलं.

आणि मग माझा तो प्रताप. शुक्रवारची दुपार, बैठक लांबलेली, मला लेकीला शाळेतून आणायचं होतं. मी घाईत उठले, पिशवी उचलली आणि दारात म्हणाले, "इश कोमऽ दान." म्हणजे, येते मग. आणि गेले घरी. सोमवारी कळलं की ते सगळे माझी वाट बघत बसले होते. माझ्यासाठी कॉफी ओतून ठेवली होती, पुढचा मुद्दा माझ्यासाठी थांबवला होता. जर्मन माणसाला येते सांगितलं की तो तुम्ही येणार असं धरतो, त्यात त्याचं काय चुकलं.

"तुम्ही म्हणालात येते," शेफ म्हणाले. "आम्ही थांबलो."

घरी लेकीला सांगितलं तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "मामा, दू गेस्ट! दू कोम्स्ट निश्त!" अगं आई, तू जातेस, येत नाहीस. माझी लेक मराठी सगळं समजते, उत्तर मात्र जर्मनमधून देते. मी रोज सकाळी तिला शाळेच्या फाटकाशी "येते गं" म्हणायची आणि ती "च्युस" असा जर्मन टाटा करून पाठ फिरवायची.

तर त्या सोमवारी बैठकीत मला सगळ्यांसमोर खुलासा करावा लागला. म्हटलं, आमच्यात घरातून निघताना जातो म्हणत नाहीत. जातो म्हणणं अशुभ. तोंडातून निघालेलं खरं होतं, म्हणून निघणारा म्हणतो येतो, आणि घरातलं माणूस म्हणतं, या. इतकी वर्षं इथे राहिले, जर्मनमध्ये स्वप्नंसुद्धा पडतात, पण दारात पाऊल पडलं की जीभ नाशिकची होते.

"म्हणजे घरातलं माणूस फक्त 'या' म्हणतं?" शेफनी विचारलं.

"हो. या, म्हणजे परत या."

"मग मी जन्मल्यापासून तुमची भाषा बोलतोय," ते म्हणाले, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. त्यांच्या हिशेबी तो मोठाच विनोद होता.

मेजर मात्र हसले नाहीत. बैठक संपल्यावर ते माझ्या टेबलाशी आले आणि उभ्या उभ्याच बोलायला लागले. त्यांच्या तळावर एक बाई होती. पॅराशूटच्या घड्या घालायची. लांबलचक टेबलावर रेशमी कापड पसरायचं, दोऱ्या सरळ करायच्या, घडीवर घडी घालायची, बांधायचं. जुन्या प्रशिक्षण विमानांत पॅराशूट पाठीवर बांधूनच चढावं लागायचं, त्यामुळे त्या देशातला प्रत्येक वैमानिक शिकाऊ असताना तिच्या खिडकीशी उभा राहिलेला. ती पॅराशूट पुढे सरकवायची आणि प्रत्येकाला एकच वाक्य म्हणायची, "हे मला परत हवंय." दुकानदारानं पिशवी परत मागावी तशी. शुभेच्छा नाहीत, देवाचं नाव नाही. ज्याला कळायचं त्याला कळायचं.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता तुमच्या या नव्या विमानांत पॅराशूट खुर्चीतच बसवलेलं येतं," ते म्हणाले. "खिडकी बंद होणार. ती बाई या वर्षअखेर घरी जाणार, आणि वाक्यही तिच्याबरोबर. आपण सगळं नवं करतोय ना. मला नवं हवंच आहे, त्यासाठी मी भांडलोय. पण ते वाक्य ऐकल्याशिवाय आमचं कुणी कधी उडालं नाही."

मला एकदम भरून आलं. आणि मला भरून आलं की राग येतो, हा माझा स्वभावच आहे. म्हटलं, एवढी कोट्यवधींची विमानं, त्यात तारांची जंगलं, आणि एका बाईच्या एका वाक्याला जागा नाही? बघतेच कशी नाही ते.

जागा होती, आणि ती माझ्याच ताब्यात होती. विमानाला वीज दिली की यंत्रणा स्वतःला तपासून घेते. स्क्रीन उजळतात, दिवे लागून विझतात, आणि वैमानिकाच्या कानात एक वाक्य वाजतं, आवाज नीट येतोय ना हे कळावं म्हणून. ती सूचना नसते, धोका नसतो. ते वाक्य काय असावं याची आजवर कुणी चौकशी केली नव्हती. दरवेळी मीच काहीतरी ठोकून द्यायची, डावा कान, उजवा कान, आवाज ठीक, असलं काहीतरी इंग्रजीत. विमानाचं पहिलं वाक्य ते हेच. म्हटलं, संकटं इंग्रजीत येऊ देत, जाग मात्र आपल्या भाषेत येऊ दे.

शेफना सांगितलं. त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाले, "आणि ते वाक्य बरोबर आहे हे तपासणार कोण? आपल्यात कुणालाच ती भाषा येत नाही."

"मी शिकते ते वाक्य."

"एक वाक्य शिकून भाषा येत नाही."

"मला भाषा नकोच आहे, वाक्य हवंय."

"गेनाऊ," ते म्हणाले. म्हणजे, बरोब्बर. शेफ हरले की गेनाऊ म्हणतात. पण अट घातली, की गिऱ्हाइकाच्या तपासणी समितीनं हरकत घेतली तर वाक्य निघेल, आणि पुन्हा त्यावर चर्चा नाही.

मेजर सुट्टीवर घरी गेले आणि आवाज घेऊन आले. त्या बाईला आधी वाटलं थट्टा चाललीय. मग म्हणाली, घ्यायचाच असेल तर माझ्या खोलीत घ्या, मी दुसरीकडे जाणार नाही. ते बरंच झालं. पॅराशूटच्या त्या ढिगांमुळे खोलीत जराही प्रतिध्वनी नव्हता. इतका स्वच्छ, कोरडा आवाज मला कोलोनच्या स्टुडिओतही मिळाला नसता. खरखरीत, जरा वैतागलेला, कामात असलेल्या बाईचा आवाज. त्यात गोडवा घालायचा मोह मी टाळला. घरी मी ते वाक्य इतक्यांदा घोटलं की लेकीलाही पाठ झालं. मैत्रिणीला सायकलचं हेल्मेट देताना तिनं ते तिला ऐकवलं, अर्थासकट, जर्मनमध्ये.

मग समिती आली. तिचा प्रमुख एक तरुण कर्नल होता, तोही वैमानिकच. परदेशात शिकलेला, फाडफाड इंग्रजी. त्यानं सगळं बारकाईनं बघितलं, स्क्रीन, तारा, सूचना, आणि चुका काढल्या नाहीत. माझ्या वाक्याशी आला आणि थांबला. "हे काय? हे इंग्रजीत का नाही?" मेजरनी सांगायला सुरुवात केली. त्यानं हात वर केला. म्हणाला, त्या बाईंबद्दल आदर आहे, पण आपण आता आधुनिक हवाईदल आहोत. उद्या दुसऱ्या देशाचा शिक्षक विमानात बसेल आणि त्याच्या कानात ही गावठी बडबड वाजेल. हसतील आपल्याला.

मेजरनी समोरचे कागद मिटले. मोठ्या शेजाऱ्यांशी आयुष्यभर भांडलेला माणूस आपल्याच देशाच्या पोराशी काय भांडणार. आपलेच दात, आपलेच ओठ. मला तर हे बोलणं इतकं ओळखीचं वाटलं की पुण्या-मुंबईच्या कुठल्याही दिवाणखान्यात बसल्यासारखं झालं. आमच्या पिंटूला की नै, मराठी वाचताच येत नाही. माझं डोकं सटकलं. शेफनी टेबलाखालून खूण केली, ती मी न पाहिल्यासारखी केली.

"कर्नलसाहेब," मी म्हटलं, "वाक्य काढायचं की ठेवायचं, तो अधिकार तुमचा. पण आवाजाची चाचणी वैमानिकानंच कॉकपिटमध्ये बसून द्यायची असते. ती दिल्याशिवाय तुम्हाला काहीच नाकारता येत नाही. आधी बसा, ऐका, मग काढा."

हे खरंच होतं, म्हणून त्याला बसावं लागलं. हँगरमध्ये पहिलं विमान उभं होतं, शेपटीवर त्यांच्या देशाचं चिन्ह नुकतंच रंगवलेलं. तो शिडी चढला, हेल्मेट घातलं, पट्टे बांधले. मी शिडीवर उभी राहून माझे हेडफोन लावले. मेजर खाली, शेफ त्यांच्या शेजारी. वीज दिली. स्क्रीन उजळले, दिवे लागले, विझले. आणि ती बाई बोलली. हे मला परत हवंय.

कर्नलनी हेल्मेट कानांवर घट्ट दाबलं. मग तो म्हणाला, "पुन्हा." मी यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली. ती पुन्हा तेच बोलली, त्याच वैतागानं. तो समोरच्या स्क्रीनकडे बघत होता, पण स्क्रीनवर बघण्यासारखं काही नव्हतं. "पुन्हा," तो म्हणाला. या वेळी तिचं बोलून झाल्यावर त्याचे ओठ हलले. त्यानं तिला काहीतरी उत्तर दिलं, त्यांच्या भाषेत, शिकाऊ पोरं देत असतील तसं. मला फक्त ते एकच वाक्य येत होतं, त्यामुळे उत्तर कळलं नाही. पण खाली मेजरनी तोंड फिरवलं आणि उगाचच विमानाचं चाक बघायला लागले.

कर्नलनी हेल्मेट काढलं. केस विस्कटलेले, त्यामुळे तो एकदम लहान दिसला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिचा आवाज प्रत्यक्षात याहून मोठा आहे. थोडा वाढवा."

मी वाढवला. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ बटणं फिरवली, पण ते फिरवताना माझी मान जितकी ताठ होती तितकी लग्नातही नव्हती. बाबांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "तारा नीट बांधल्यायस ना?" म्हणजे त्यांनाही आनंद झाला होता.

पहिलं विमान घरी न्यायचा दिवस वसंतातला होता. धावपट्टीच्या पलीकडची शेतं आपल्या मोहरीसारखी पिवळी झाली होती. विमान कर्नल स्वतः नेणार होता, आणि मागच्या आसनावर मेजर. त्यांचं ते गणवेशातलं शेवटचं उड्डाण. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते, ती बाई आधीच झाली होती. कंपनीतले सगळे बाहेर आले होते. मी शेफच्या शेजारी उभी होते.

मेजर शिडी चढले, बसले, पट्टे बांधले. विमानाला वीज मिळाली. बाहेर आम्हाला काहीच ऐकू आलं नाही, पण दोघांच्या माना एकाच क्षणी किंचित हलल्या, तेव्हा मला कळलं की ती बोलली. देशाचं हवाईदल छोटं असेल, विमानं मोजकी असतील, पण कुठल्या मोठ्या देशाच्या विमानाला उडण्याआधी घरचं माणूस असं बजावतं, सांगा मला.

झाकण बंद व्हायच्या आधी मेजरनी मान बाहेर काढली, आमच्या दिशेनं हात वर केला आणि ओरडले. मला वाटलं होतं जर्मनमध्ये काहीतरी निरोपाचं असेल. पण ते मराठी होतं. कधी घोटून ठेवलं होतं कोण जाणे.

"येतो," ते म्हणाले.

उत्तर द्यायचं होतं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. इतकी वर्षं लोकांच्या कानात आवाज घालणारी मी, ऐन वेळी मुकी. झाकण खाली यायला लागलं होतं.

"या," शेजारून शेफ म्हणाले. अगदी शांतपणे, दारात उभ्या असलेल्या घरच्या माणसासारखं.

ते जर्मन होतं की मराठी, हे मी त्यांना आजतागायत विचारलेलं नाही.